गोळी लिहिताना वजनही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत वजन उतरवण्याच्या नव्या इंजेक्शनांविषयीचा लेख वाचला. लेख माहितीपूर्ण होता, परंतु त्यातील एका विधानापाशी मी अडखळले. औषधापेक्षा निग्रह महत्त्वाचा असून माणसाने मनावर घेतले तर वजन आटोक्यात राहते, अशा आशयाचे ते विधान होते. ज्यांचे मनच आजारी पडलेले असते आणि ते थाऱ्यावर राहावे म्हणून रोज रात्री जी गोळी घ्यावी लागते तीच गोळी ज्यांची भूक भडकवते, अशी असंख्य माणसे आपल्या आसपास आहेत. माझा धाकटा भाऊ त्यांपैकी एक. त्याच्या आजारपणाची गेली अनेक वर्षे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागलीच, तर आमच्या घरची हकीकत कापावी, पण केसपेपरवरच्या नोंदीविषयीची मागणी ठेवावी, एवढी विनंती.

भाऊ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, २०१४ साली आजारी पडला. पंख्याच्या आवाजातून आपल्याशी कोणीतरी बोलते आहे असे त्याला वाटू लागले आणि पुढे मेसच्या जेवणात काहीतरी कालवले आहे या संशयाने त्याने जेवणच जवळजवळ सोडले. घरी आणल्यावरही तो आईच्या हातचे खाताना आधी तिला एक घास खायला लावी. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले, ओलॅन्झापीनची गोळी सुरू झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी तो आपण होऊन स्वयंपाकघरात आला व म्हणाला, "आई, वाढ ना, भूक लागलीय." आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. आम्हाला त्या भुकेत केवळ आजार हटल्याची खूण दिसली आणि तशी ती होतीही, कारण संशय गेला होता, आवाज मंदावले होते, मुलगा आम्हाला परत मिळाला होता. त्या गोळीचे हे ऋण मी कधीही नाकारणार नाही, आणि पुढचे सारे वाचताना वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

पुढच्या काही महिन्यांत त्याच्या अंगावर मांस दिसू लागले तेव्हा जो तो म्हणे, "तब्येत सुधारली हो!" आपल्या भाषेत वजन वाढण्याला तब्येत सुधारणे म्हणतात. अंगाने भरला, बाळसे धरले, खात्यापित्या घरचा दिसतो, हे सारे आपल्याकडे कौतुकाचे शब्द आहेत, आणि दुष्काळ व उपासमार पाहिलेल्या पिढ्यांनी ते घडवले असल्याने त्यांना दोष देता येत नाही. परंतु या शब्दांमुळे आमच्या घरात धोक्याची जाणीव फार उशिरा झाली. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने त्याच्या पँटींच्या शिवणीत ठेवलेले जादा कापड पहिल्या वर्षात दोनदा सोडले, आणि तिसऱ्यांदा मी पँट घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती उलटी करून शिवण मला दाखवली. आत आता सोडायला काहीच उरले नव्हते. "ताई, आता नवीनच घ्या," ते म्हणाले. त्या दिवशी मी भावाला औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभे केले. वजन ८४ किलो भरले.

मग प्रश्न आला की सुरुवातीला ते किती होते. केसपेपरांची जाडजूड फाइल मी पहिल्या पानापासून पुन्हा पाहिली. प्रत्येक भेटीची तारीख होती, डोस होता, झोप कशी आहे याची नोंद होती. वजनाचा रकाना मात्र छापील असूनही प्रत्येक पानावर कोरा होता. अखेर त्याच्या पाकिटात गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिराचे कार्ड सापडले, त्यावर ५८ किलो लिहिले होते. आमच्याकडे तेवढाच एक पुरावा आहे. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी त्याचे नेमके वजन किती होते हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्याच्या रक्तातील साखर तेव्हा किती होती हे तर कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती तपासलीच नव्हती. मी त्या रुग्णालयातील डॉक्टरांना वजनाविषयी एकदा विचारले होते. "आधी डोके ठिकाणावर येऊ द्या, वजनाचे नंतर बघू," असे उत्तर मिळाले. ते दुष्टपणाने बोलले असे मी म्हणणार नाही. बाहेर बाकावर साठ-सत्तर माणसे बसलेली असत. पण ते नंतर कधी आलेच नाही.

या भुकेचे स्वरूप ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते सांगणे अवघड आहे. रात्री दोनच्या सुमारास डब्याच्या झाकणाचा आवाज आला की मी जागी होई. तो अंधारात ओट्यापाशी उभा राहून कोरडे पोहे साखर घालून खात असे, किंवा शिळी पोळी गुळाशी. एकदा मी दिवा लावला तेव्हा तो इतका ओशाळला की हातातला घास तसाच परत डब्यात टाकू लागला. "ताई, पोट भरल्याचे कळतच नाही गं," तो म्हणाला, "जेवून हात धुतले की वाटते, अजून जेवायचेच आहे." मी त्या वेळी त्याला रागावले, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण तो अगदी तंतोतंत तेच सांगत होता जे शास्त्र सांगते.

शास्त्र काय सांगते ते मी नंतर वाचले. मेंदूत भूक आणि तृप्ती यांचा तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. ओलॅन्झापीन आणि क्लोझापीन ही औषधे भास व भ्रम आवरण्यासाठी मेंदूतल्या डोपामिन या आणखी एका रसायनाच्या मार्गावर काम करतात खरी, पण त्याच वेळी हिस्टामिनचा एच-१ आणि सेरोटोनिनचा २-सी हे ग्राहकही, म्हणजे पेशींवरची या रसायनांचा निरोप घेणारी केंद्रेही, अडवतात. परिणामी "पुरे झाले" हा निरोप पोहोचत नाही, शिवाय सुस्ती येते आणि हालचाल कमी होते. याखेरीज ही औषधे इन्सुलिनच्या कार्यात थेट अडथळा आणतात, असेही दिसून आले आहे, म्हणूनच काही रुग्णांची साखर वजन फारसे वाढलेले नसतानाही वाढते. जे औषध एच-१ ग्राहकाला जितके घट्ट चिकटते तितके ते वजन अधिक वाढवते, असा साधारण मेळ संशोधकांना आढळला आहे.

सर्व औषधे या बाबतीत सारखी नाहीत, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच दिवशी कळायला हवी. १९९९ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या एका प्रसिद्ध विश्लेषणात, दहा आठवड्यांच्या उपचारात क्लोझापीनने सरासरी साडेचार किलोच्या जवळपास, ओलॅन्झापीनने चार किलोंहून थोडे अधिक, रिस्पेरिडोनने दोन किलो, आणि झिप्रासिडोनने जवळजवळ काहीच वजन वाढत नसल्याचे दिसले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील चौदाशेहून अधिक रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ओलॅन्झापीन घेणाऱ्यांचे वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढले आणि त्यांतील ३० टक्के रुग्णांची वाढ मूळ वजनाच्या ७ टक्क्यांहून अधिक होती. त्याच चाचणीतला दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. रुग्ण ज्या औषधावर सर्वांत जास्त काळ टिकून राहिले तेही ओलॅन्झापीनच होते, कारण त्याचा गुण येतो. आणि वजन व चयापचयाच्या तक्रारींमुळे जे औषध सर्वाधिक जणांनी सोडले तेही तेच होते. एकाच गोळीच्या या दोन बाजू आहेत. आमच्या घराने दोन्ही पाहिल्या.

आणि जे अजूनही निग्रहाची गोष्ट सांगतात त्यांच्यासाठी पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेतील एका चाचणीचा उल्लेख करते, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचे जे रुग्ण केमोथेरपीमुळे जेवेनासे झाले होते, त्यांना बारा आठवडे रोज अवघे २.५ मिलिग्रॅम ओलॅन्झापीन देण्यात आले, भूक वाढावी याच हेतूने. ज्यांना ती गोळी मिळाली त्यांच्यातील ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले; ज्यांना नुसतीच औषधासारखी दिसणारी गोळी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. केमोथेरपी चालू असलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या माणसालाही जी गोळी जेवू घालते, तिच्याच सहापट डोसावर, म्हणजे १५ मिलिग्रॅमवर, माझा भाऊ होता. एकवीस-बावीस वर्षांच्या त्या मुलाने ताटावरून उठण्याचा निग्रह दाखवावा अशी अपेक्षा आम्ही सगळे जण धरून बसलो होतो.

त्याचा परिणाम आम्हाला भोगावा लागला. मित्राच्या लग्नात त्याला कोणीतरी हत्ती म्हटले, आणि त्यानंतर त्याने कोणालाही न सांगता गोळ्या घेणे बंद केले. गोळी तो आईसमोर तोंडात टाकी आणि मोरीत जाऊन थुंके. पाच-सहा आठवडे काहीच बिघडले नाही, उलट चार किलो उतरले, चेहऱ्यावरचा जडपणा गेला, तो हसू-बोलू लागला, आणि आम्हाला वाटले की आता गाडी रुळावर आली. मग झोप उडाली, पंखा पुन्हा बोलू लागला, आणि २०१६ च्या मे महिन्यात तो घरातून निघून गेला. दोन दिवसांनी तो कऱ्हाडच्या एसटी स्थानकात सापडला, पायात चप्पल नव्हती आणि टाचांना फोड आले होते. वडील त्याला घेऊन आले ते रिक्षातून उतरताना रडत होते. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलेले नव्हते. आजार उलटल्यानंतर त्याला पूर्वीइतके सावरायला वर्षाहून अधिक काळ लागला आणि शिक्षण जे सुटले ते सुटलेच. एखाद्या आकड्याकडे वेळीच लक्ष दिले असते तर हे टळले असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्याने गोळी का सोडली हे त्याने आम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितले आहे, आणि ते कारण वजन हे आहे.

पुढे ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो, त्यांच्या टेबलाशेजारी जमिनीवर एक साधा काटा होता आणि खणात शिंप्याची मोजपट्टी. पहिल्याच भेटीत त्यांनी वजन केले, कमरेचा घेर मोजला, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी, आणि रक्तातील चरबीची तपासणी सांगितली. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितले की, औषध बंद करायचे नाही, बदलायचे आहे, आणि तेही एका दिवसात नव्हे. तीन-साडेतीन महिन्यांत ओलॅन्झापीन उतरवत त्यांनी वजन त्या मानाने कमी वाढवणारे अ‍ॅरिपिप्राझोल चढवले, आणि मधुमेहाची म्हणून सर्वांना परिचित असलेली मेटफॉर्मिनची गोळी जोडली. मानसिक आजारावरील औषधांमुळे वाढलेले वजन काही प्रमाणात रोखण्यासाठी मेटफॉर्मिन उपयोगी पडते, हे गेल्या दोन दशकांतल्या अनेक चाचण्यांनी दाखवले आहे, आणि ती आपल्याकडे अत्यंत स्वस्त मिळते. वजन ८४ वरून ७६ वर आले आणि तिथेच थांबले आहे. ते ५८ होणार नाही हे आम्ही स्वीकारले आहे. वाढलेले वजन उतरवणे हे वाढण्यापूर्वी रोखण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हे त्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितले होते, आणि ते आम्ही अनुभवाने शिकलो. प्रत्येकाला असा बदल मानवेल असे नाही, काहींचा आजार औषध बदलताना उसळतो. म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच.

हे पत्र वाचून कोणी उद्यापासून गोळी बंद केली तर माझ्या हातून मोठे पाप घडेल. म्हणून फिनलंडमधील एका दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष सांगते. स्किझोफ्रेनियाच्या ६६ हजारांहून अधिक रुग्णांच्या अकरा वर्षांच्या नोंदी तपासून २००९ साली तो प्रसिद्ध झाला. ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी होते, आणि सर्वांत कमी क्लोझापीन घेणाऱ्यांमध्ये होते, जे वजन वाढवण्यात सर्वांत पुढे असलेल्या औषधांपैकी एक आहे. क्लोझापीन हे रक्तातील पांढऱ्या पेशी घटवू शकते म्हणून फिनलंडमधल्याच मृत्यूंनंतर १९७५ साली मागे घेतले गेले होते, आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारात ते गुणकारी ठरते हे सिद्ध झाल्यावर, नियमित रक्ततपासणीच्या अटीवर, १९८९ नंतर परत आले. आमच्या शुभंकर गटात, म्हणजे रुग्णांच्या नातेवाइकांच्या गटात, असे तीन जण आहेत ज्यांच्या मुलांना क्लोझापीनखेरीज कशानेच गुण आला नाही. त्यांना पर्याय नाही. त्यांच्यासाठी तर वजनाकडे लक्ष देणे अधिकच अगत्याचे, कारण औषध बदलण्याची वाट त्यांना बंद आहे.

तरीही तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यातील बहुतेक मृत्यू आत्महत्येने नव्हे तर हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. सगळा दोष औषधांचा नाही. तंबाखू आहे, हालचालीचा अभाव आहे, गरिबी आहे, आणि "याला काय होते, याचे डोक्याचे आहे" असे म्हणून त्याच्या छातीतल्या दुखण्याकडे काणाडोळा करण्याची सवयही आहे, घरच्यांची आणि कधी कधी डॉक्टरांचीही.

मुलींच्या बाबतीत यात आणखी एक दुःख मिसळते. रिस्पेरिडोन आणि आपल्याकडे बरेच वापरले जाणारे अमिसल्प्राइड यांमुळे प्रोलॅक्टिन हे दूध येण्याशी संबंधित संप्रेरक वाढून पाळी अनियमित होते किंवा थांबते, काहींना अंगावर दूध येते. आमच्या गटातल्या एका आईने सांगितले की, मुलीची पाळी सात महिने आली नव्हती आणि मुलगी ते कोणाला बोलली नाही, कारण डॉक्टरांच्या खोलीत वडील सोबत असत. तिचे वजनही वाढले होते, आणि घरात चर्चा होती ती फक्त एवढीच की आता हिला स्थळ कसे मिळणार. पाळीविषयी डॉक्टरांनी आपण होऊन विचारावे आणि त्या वेळी मुलीला एकटीने बोलण्याची संधी द्यावी, एवढे जरी झाले तरी पुष्कळ.

आता मागणीकडे येते. या औषधांवरील रुग्णांची तपासणी कशी करावी, याचे वेळापत्रक अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार या दोन्ही क्षेत्रांतील संघटनांनी एकत्र येऊन २००४ सालीच प्रसिद्ध केले आहे. औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी पाहायची. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. साखर व रक्तदाब बाराव्या आठवड्यात आणि मग वर्षातून एकदा. मूळ वजनात पाच टक्के वाढ झाली तर औषध बदलण्याचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे. अठ्ठावन्न किलोच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. आमच्याकडे ती मर्यादा पहिल्या दोन महिन्यांतच ओलांडली गेली असणार. पहिल्या महिन्यात ज्याचे वजन झपाट्याने वाढते त्याचे पुढेही बरेच वाढण्याची शक्यता असते, आणि पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या तरुण, सडपातळ मुलांमध्ये ही वाढ अधिक असते, हे लक्षात घेतले तर सुरुवातीचे तीन महिने किती मोलाचे आहेत ते कळेल. शिवाय आपल्या लोकांमध्ये मधुमेह कमी वजनावर गाठतो, म्हणून भारतीयांसाठी स्थूलतेची रेषाही खालच्या आकड्यावर ओढलेली आहे: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५, कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. काटा लागतो, मोजपट्टी लागते, आणि केसपेपरवरचा कोरा रकाना भरणारा माणूस लागतो. डॉक्टरांना वेळ नाही हे मला मान्य आहे. देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे गंभीर मानसिक आजार असलेल्या प्रत्येक चौघांपैकी जवळजवळ तिघे उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. पण हे काम परिचारिका करू शकते, समुपदेशक करू शकतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तालुका शिबिरांत, आणि खासगी दवाखान्यांतही, या औषधाची चिठ्ठी वजनाच्या आकड्याशिवाय दिली जाऊ नये, असा स्पष्ट आदेश राज्याच्या आरोग्य विभागाने काढावा.

दुसरी मागणी अधिक नेमकी आहे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेहाची जी सार्वत्रिक तपासणी केली जाते ती तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. स्किझोफ्रेनिया मात्र बहुधा विशीत सुरू होतो. म्हणजे ज्या वयात ही मुले सर्वाधिक वजन वाढवणारी औषधे घेऊ लागतात, त्या वयात ती सरकारी तपासणीच्या यादीतच नसतात. आशाताई दारात येते, आईवडिलांची साखर तपासायला घेऊन जाते, आणि ज्याला खरी गरज आहे तो तेवीस वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत झोपलेला असतो. मानसिक आजारावरील औषधे चालू असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, वय काहीही असो, या तपासणीत घ्यावे, एवढा एक बदल केला तर आज अस्तित्वात असलेल्या यंत्रणेतूनच खूप काही साधेल.

तिसरी गोष्ट मागणी नव्हे, कायदाच आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २२ व्या कलमानुसार रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला प्रस्तावित उपचारांची व त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि तीही त्यांना समजेल अशा भाषेत. कित्येक डॉक्टरांना भीती वाटते की, वजनाचे आधीच सांगितले तर रुग्ण गोळी घेणारच नाही. माझा अनुभव उलट आहे. ज्यांनी आम्हाला सांगितले त्यांच्याकडे भाऊ आजवर टिकून आहे. ज्यांनी सांगितले नाही त्यांची गोळी त्याने मोरीत थुंकली.

आपण घरच्यांनी काय करावे यावर मी फार लिहिणार नाही, कारण प्रत्येक घरचे स्वयंपाकघर निराळे आहे. आमच्याकडे रात्रीसाठी ओट्यावर काकडी, ताकाचा तांब्या आणि फुटाण्यांचा डबा ठेवलेला असतो. साखरेचा डबा आई वरच्या फळीवर ठेवते, कुलूप मात्र लावत नाही. थंड पेयांच्या बाटल्या घरात आणणे आम्ही सगळ्यांनीच सोडले, एकट्या त्याच्यासाठी नाही, कारण एकट्याचे ताट वेगळे केले की ती शिक्षा होते. संध्याकाळी वडील त्याच्यासोबत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालत जातात. आणि त्याच्या अंगाविषयी घरात कोणीही बोलत नाही. पाहुण्यांपैकी कोणी विषय काढलाच तर आई तो लगेच बदलते.

आपल्या पुरवणीत वजनावरील इंजेक्शनांना पान मिळाले, त्याचे स्वागतच आहे. तशीच जागा एखाद्या रविवारी या विषयालाही द्यावी आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडून व मधुमेहतज्ज्ञांकडून एकत्र लिहून घ्यावे, अशी विनंती करते. तोवर, ज्यांच्या घरात या आठवड्यात कोणाला अशी गोळी सुरू झाली असेल त्यांनी औषधाच्या दुकानात, गावच्या आरोग्य केंद्रात, जिथे काटा मिळेल तिथे आजच वजन करावे, तो आकडा तारखेसह केसपेपरच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावा, आणि पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांपुढे सर्वांत आधी ठेवावे.

आपली,
एक शुभंकर बहीण, सातारा
(विनंतीवरून नाव छापू नये, नाव व पत्ता सोबत स्वतंत्रपणे कळवला आहे.)